कुंकवाखालचं इंजिन

खंडेनवमीच्या दुपारी बारानंतर आणि दसऱ्याच्या सकाळी सातच्या आत, नांदेडच्या इतवाऱ्यात, आमच्या कुलूपबंद गोठ्यात उभ्या असलेल्या मोटारीच्या इंजिनातल्या चार तारा एकमेकींच्या जागी गेल्या. त्या कोणी हलवल्या, हे आजवर ठरलेलं नाही. साल दुसरं महायुद्ध संपलं ते. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं.

या सदरात येणारे अनुभव मी नेमाने वाचतो. बहुतेकांत वेळ, अंतर आणि साक्षीदार यांचा मेळ बसत नाही, हे माझं जुनं मत आहे. पुढे मी बरीच वर्षं बातमीदारी केली आणि त्या काळात झपाटलेल्या विहिरींच्या, आपोआप पेटणाऱ्या गंजींच्या ज्या बातम्या तपासल्या, त्या सगळ्यांच्या मागे कोणी तरी माणूस सापडला. या एका प्रकरणात सापडला नाही. म्हणून पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहितो, ऐकलं ते ऐकलं म्हणून.

आमचे वडील — आम्ही त्यांना नाना म्हणायचो — उमरीजवळच्या एका जहागीरदारांकडे ड्रायव्हर होते. जहागीरदारांकडे दोन मोटारी होत्या. एक मोठी, बंद, बायकामाणसांसाठी. दुसरी दोन सीटांची, लांब नाकाची, उघडी इंग्लिश स्पोर्ट्स मोटार, शिकारीला आणि मिजाशीला. नाना दुसरीवर जीव टाकायचे. वर्षातून एकदा, पोळ्याच्या सुमारास, सरकारांच्या, म्हणजे जहागीरदारांच्या, परवानगीने ती नांदेडला घेऊन यायचे आणि आम्हा दोघा भावांना गोदावरीच्या वाटेपर्यंत फिरवायचे. मी मांडीवर, दादा पायरीवर उभा, वाऱ्याने डोळे मिटलेले. नाना मधेच म्हणायचे, "बोलू नका, तिचं ऐका." इंजिनात तापलेल्या एरंडेल तेलाचा वास पुढे कुठेही आला की मला ती वाट आठवायची. अजूनही आठवते.

नाना जहागिरीवरच तापाने गेले. निरोप घरी दुसऱ्या दिवशी आला. मायला त्यांचं तोंड पाहायला मिळालं नाही. तेव्हापासून मोटार हा शब्द तिला चालत नसे.

पाच वर्षांनी जहागीरदारांच्या कारभाऱ्याने मोडीत काढायच्या वस्तूंची यादी केली, त्यात ती छोटी मोटार होती. नाना आजारी पडले त्या आठवड्यात उभी केलेली, ती तिथेच. माझा थोरला भाऊ रघुनाथ — मी त्याला दादा म्हणतो — तेव्हा चोवीस वर्षांचा. पिठाच्या गिरणीवर इंजिनाला तेलपाणी करायचा. तो जाऊन ती मोटार घेऊन आला. मोडीच्या भावाने मिळाली, एवढंच त्याने घरी सांगितलं.

आणली ती बैलांनी. कडब्याच्या शेडमधून काढली तेव्हा सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. पुढे बैलजोडी, मागे मोटार, आत स्टिअरिंग धरून दादा, आणि मी चालत. उमरी ते नांदेड दोन दिवस लागले. मुदखेडच्या अलीकडे बांधावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "का हो ड्रायव्हर, बैलं पेट्रोल पितेत का?"

दादा म्हणाला, "बैलं कडबा खातेत बाबा. शिव्या मी खातो."

मायने गोठ्यात जागा दिली, पण अट घातली. "दसऱ्यापर्यंत चालली तर चालली. न्हाई चालली तर भंगारवाल्याला बोलवायचं अन् तू मामाच्या दुकानावर जायचं. उमरीला. गूळ तोलायला."

दादाजवळ दुसरी वाट होती, आणि तीही या मोटारीवरूनच जात होती. लातूरला एका शेटजींनी लातूर–औसा अशी प्रवासी मोटार चालू केली होती. त्यांना मिस्त्री पाहिजे होता. दादाने अर्ज केला. शेटजींचं उत्तर मी वाचून दाखवलं होतं : गिरणीवरचं काम आणि मोटारीचं काम यांत फरक आहे. स्वतः दुरुस्त केलेली मोटार स्वतः चालवत दसऱ्यानंतरच्या सोमवारपर्यंत लातूरला आणा, म्हणजे विचार करू. नाही तर सोलापूरचा माणूस तयार आहे.

दादा त्या रात्री जेवला नाही. मायला एवढंच म्हणाला, "माय, मला तराजू धरायला लावू नको गं. हे हात दुसऱ्या कामाचे हायेत."

माय म्हणाली, "तुझ्या बापाचे बी होते."

दुरुस्ती चार महिने चालली. मोटारीचं काम म्हटलं की प्रत्येक कारागीर भाव चढवायचा, म्हणून दादाने युक्ती काढली : ज्याला त्याला त्याच्या धंद्यातलंच काम सांगायचं, मोटारीचं नाव काढायचं नाही. मोच्याला घोड्याचा तंग म्हणून सांगितलं आणि बॉनेट आवळायचे दोन पट्टे करून घेतले. गाडीच्या सांगाड्याचं लाकूड वाळवीने खाल्लं होतं, ते बैलगाडी करणाऱ्या सुताराकडून बाभळीचं बसवलं. टप जुन्या तंबूच्या कापडाचा. रेडिएटरला डाग देताना कासार तेवढा संशयाने म्हणाला, "एवढी भोकं असलेली घागर कोण्या बाईची हाय, ते तरी सांगा." रंग दारांना मारतात तो हिरवा.

इंजिनाचं काम करीम मिस्त्रींनी केलं. ते गिरणीच्या ऑइल इंजिनचे नांदेडातले सगळ्यात जाणते मिस्त्री. नानांचे दोस्त. पण त्यांचा सगळा जन्म एका सिलिंडरच्या, ठिणगी न लागणाऱ्या इंजिनात गेलेला. इथे चार सिलिंडर, चार प्लग, आणि चारही प्लगना ठिणगी वाटून देणारा मॅग्नेटो. मॅग्नेटो त्यांनी उघडला नाही. म्हणाले, "ये तेरे बाप ने बिठाया सो है. इसकू हात नक्को."

मॅग्नेटोपासून प्लगपर्यंत जाणाऱ्या चार तारा प्लगकडून सुटलेल्या होत्या. नानांनीच त्या साफ करायला काढल्या असाव्यात, आणि मग ताप आला. प्रत्येक तारेच्या टोकाला पितळेची टिकली होती आणि टिकलीवर नानांनी खिळ्याने उर्दू आकडा कोरलेला — एक, दोन, तीन, चार. आम्ही रेडिएटरकडून मोजायला सुरुवात केली. रेडिएटरजवळचा प्लग एक, त्यामागचा दोन, आणि सीटकडचा चार. त्याप्रमाणे तारा जोडल्या. दुसरी काही रीत असेल, हे कोणाच्या मनातही आलं नाही.

इंजिन चालू झालं नाही. पुढून हँडल मारलं की ते शिंकायचं — कार्बोरेटरमधून, मोठ्याने, एकदाच — आणि गप्प.

दहा दिवस ते शिंकत होतं. समोर तहसील कचेरीत साहेबांपुढे कागद मांडणारे एक पेशकार राहायचे. ते रोज पागोटं सावरत निघायचे त्याच वेळी दादा हँडल मारायचा. शेवटी ते गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. "रघुनाथराव, हिला काढा पाजा हो. मी उंबऱ्याबाहेर पाय टाकायला अन् हिला शिंक यायला एकच गाठ. रोज मागं फिरून, पाणी पिऊन निघतो. कचेरीत साहेब घड्याळ दाखवून राहिलेत."

करीम मिस्त्री घाम पुसत म्हणाले, "पेशकार साब, एक सिलिंडर रहता तो मैं उसके कान में बोल के चालू करता. ये चार जने हैं. एक कू समझाओ तो तीन रूठते."

त्यांच्या सांगण्यावरून मी एका वहीत प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवत होतो : पेट्रोल बदललं, प्लग तापवले, हवा कमी केली. अष्टमीच्या संध्याकाळी मी इंजिनाचं चित्र काढलं आणि कुठली तार कुठल्या प्लगला आहे ते लिहिलं. एक — रेडिएटरकडे. चार — सीटकडे. खाली आम्हा तिघांच्या सह्या आहेत. सह्यांची कल्पना माझी. अर्थ काही नव्हता, हौस होती.

अष्टमीलाच मामा उमरीहून आले. दसऱ्याच्या संध्याकाळच्या गाडीने दादाला घेऊन जायचं ठरवूनच. गोठ्यात डोकावून म्हणाले, "भाच्या, गुळाची ढेप शिंकत न्हाई बघ."

आता नवमीचा दिवस, क्रमाने.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. घरातलं सगळं लोखंड पाटावर मांडायचं, वर हळदकुंकू, झेंडू, आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. त्या दिवशी पाटावर विळी, अडकित्ता, कात्री, दादाचे पाने, करीम मिस्त्रींची हातोडी आणि घणही होता. करीम मिस्त्री दर वर्षी आपली हत्यारं आमच्या पाटावर आणून ठेवायचे; नाना असल्यापासूनची रीत.

साडेअकराला माय गोठ्यात आली. मोटार आणल्यापासून पहिल्यांदा. कोणी बोलावलं नव्हतं. तिने कालवलेलं कुंकू घेतलं आणि बॉनेटवर स्वस्तिक काढलं. बॉनेटच्या दोन पाख्यांमध्ये जी सांध असते तिच्यावरून, आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या बकलांवर एकेक बोट. म्हणजे बकल सोडलं असतं किंवा पाखं उचललं असतं, तर कुंकू मोडलं असतं. मी हे मुद्दाम लिहितो, कारण ते काढताना मी पाहिलं.

मग तिने दादाला कुलूप लावायला सांगितलं आणि किल्ली मागून घेतली. किल्लीही लोखंडाचीच, म्हणून तीही पाटावर गेली, हातोडीच्या दांड्याखाली. त्या कुलपाला दुसरी किल्ली नव्हती. गोठ्याला एक दार आणि एक गज बसवलेली खिडकी. गजांमधून माझा हात कोपरापर्यंत जायचा. मोटार खिडकीपासून सात-आठ हातांवर होती.

बाराचे टोल पडले तेव्हा आम्ही जेवायला बसलो. जेवून मामा आणि दादा स्टेशनाजवळ एका नातेवाइकांकडे गेले. दिवे लागेपर्यंत ते तिथेच होते. मी नंतर नातेवाइकांना विचारून खात्री केली. माय शेजारच्या चौघी बायकांबरोबर देवीला गेली, पाचला आली. घरी मी आणि करीम मिस्त्री. आम्ही ओट्यावर बसलो होतो, गोठ्याचं दार समोर. मिस्त्री सुपारी कातरायला अडकित्ता मागत होते. तो पाटावर असल्यामुळे मिळाला नाही, म्हणून कुरकुरत होते.

तीनचे टोल पडून गेल्यावर, फार वेळ नाही, गोठ्यातून आवाज आला. हँडल हलकेच, अर्धा फेरा फिरवलं की दाबलेली हवा सुटते, तसा सुस्कारा. थोडं थांबून पुन्हा. असे चार. मग पत्र्यावर पत्रा टेकल्याचा एक आवाज… बॉनेट खाली ठेवताना होतो तो.

मिस्त्रींनी मान वळवून दाराकडे पाहिलं. मी उठून खिडकीशी गेलो. आत उजेड होता. कौलात एक काच होती. मोटार जागेवर. कुंकू जसंच्या तसं दिसत होतं. हँडल भिंतीला टेकवलेलं, जिथे दादाने ठेवलं होतं तिथेच. कोणी नव्हतं. दार ओढून पाहिलं. कुलूप लागलेलं होतं.

परत येऊन मी सांगितलं, "मांजर असंल."

मिस्त्री म्हणाले, "हाव. मांजर." पण सुपारीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

रात्री मामा गोठ्याच्या दाराला बाज आडवी लावून झोपले. घरात उकडत होतं, एवढंच त्याचं कारण.

दसऱ्याच्या सकाळी सातला मायने पाटावरची किल्ली उचलून दादाच्या हातात दिली. किल्लीवरचं कुंकू वाळलेलं होतं, झेंडूची पाकळी चिकटलेली. कुलूप उघडलं. स्वस्तिक अखंड होतं. बकलांवरची बोटं अखंड होती. हे आम्ही पाचही जणांनी पाहिलं, कारण दादा म्हणाला, "कुंकू मोडू नका. बॉनेट न उघडताच एक बार मारतो. शेवटचा."

पहिल्या हँडलला काही झालं नाही. शिंकही नाही. दुसऱ्या हँडलला इंजिन लागलं.

चारही सिलिंडर. गोठ्यातलं कबुतर उडालं, मामा मागे सरकले आणि शेणाच्या पाटीवर बसले. पेशकार पागोटं न घालताच रस्त्यावर आले. दादा हँडल हातात धरून उभा होता, आणि त्याला ते खाली ठेवायचंही सुचत नव्हतं. माय दाराच्या चौकटीला टेकून डोळे मिटून ऐकत होती.

तासाभराने इंजिन बंद करून करीम मिस्त्रींनी बकलं सोडली आणि बॉनेट उचललं. कुंकवाचा पापुद्रा सांधीवर तडकला. मिस्त्री वाकले आणि तसेच राहिले.

"रघू. तारां कौन बदल्या?"

दादा म्हणाला, "कोण बदलंल? मी तर काल इथं न्हवतोच."

मी वही आणली. वहीत एक नंबरची टिकली रेडिएटरकडे होती. इंजिनात ती सीटकडच्या प्लगवर होती. चार नंबरची रेडिएटरकडे. दोन आणि तीन यांचीही अदलाबदल. प्लगवरचे पितळी नट बोटाने फिरवायचे असतात; चारही घट्ट होते.

मी प्रत्येकाला विचारलं. मामा म्हणाले, "मी हात बी लावत न्हाई त्या अवलादीला. उलट लागली न्हाई तर माझाच फायदा व्हता." ते खरं होतं. मायला अक्षरओळख नव्हती, उर्दू आकडा तर दूरच. शिवाय ती चौघींबरोबर होती. करीम मिस्त्रींनी कुराणाची शपथ घेतली. मी ती मागितली नव्हती.

मामा संध्याकाळच्या गाडीने एकटे गेले. जाताना दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तराजू तुझ्याशिवाय बी हालतो रं."

सोमवारी पहाटे आम्ही दोघे लातूरला निघालो. लोह्यापर्यंत दादा कान लावून बसला होता. इंजिन ऐकत होता. दोन्ही बाजूंना ज्वारी हातभर आलेली. अहमदपूरला एक टायर बसलं, ते भरायला बाजारातली निम्मी माणसं जमली. एकाने विचारलं, "हिरवी कशापायी?" दादा म्हणाला, "दाराचा रंग उरला व्हता." त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला तो तिथे. चाकूर सोडल्यावर त्याने स्टिअरिंग माझ्या हातात दिलं, मैलभर. रस्ता सरळ होता. तेव्हा लक्षात आलं की नानांच्या जागेवर मी पहिल्यांदाच बसलो होतो.

दुपारी तीनच्या सुमारास लातूर आलं. शेटजींच्या शेडमध्ये त्यांचे जुने मिस्त्री होते, साठीचे, बीदरकडच्या एका जहागिरीतून आलेले. त्यांनी बॉनेट उघडलं, टिकल्या पाहिल्या आणि मान हलवली.

"जहागिरीतली गाडी हाय न्हं ही?"

"हाव. तुम्ही कसं ओळखलं?" दादाने विचारलं.

"कंपनी रेडिएटरकडून मोजते. आमच्या उस्तादांची रीत निराळी. सरकार बसतेत तिकडून एक. सरकारांच्या पुढं दुसऱ्याचा नंबर लागत न्हाई." ते हसले. "रेडिएटरकडून जोडल्या असत्या तर जन्मभर शिंकत बसली असती. ठिणगी एक फेरा उशिरा पडंल. जोडल्या कोणी?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमच्या वडलांनी."

"हुशार माणूस," मिस्त्री म्हणाले आणि शेटजींना हाक मारली.

तारा का बदलायला हव्या होत्या, हे अशा रीतीने लातूरला कळलं. नांदेडात त्या दिवशी ही रीत माहीत असलेला माणूस आमच्या घरी, शेजारी किंवा ओळखीत नव्हता. तारांची टोकं आपोआप एकमेकांच्या जागी जात नाहीत. कुंकू मोडल्याशिवाय बॉनेट उघडत नाही. मी नंतर त्याच मोटारीवर, तसंच कुंकू कालवून तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा मोडलं. वही माझ्याजवळ आहे. करीम मिस्त्री, माय, मामा गेले, दादाही गेला. ऐकलेल्या आवाजाबद्दल करीम मिस्त्रींनी मला शेवटपर्यंत एकच वाक्य सांगितलं : "मांजर थी, तू बोला था न." याहून अधिक माझ्याजवळ काही नाही.

त्या सोमवारी शेटजींनी मोटारीभोवती एक चक्कर मारली, तिच्यातूनच औशाच्या नाक्यापर्यंत जाऊन आले आणि दादाला मुन्शीकडे पाठवलं. मुन्शी हजेरीच्या बुकात उर्दूत नोंद करत होता. मी दादाशेजारी उभा होतो. नाव विचारलं, दादाने सांगितलं. गाव विचारलं, सांगितलं. वडिलांचं नाव लिहून घेतल्यावर मुन्शीने मान वर न करता विचारलं, "वालिद हयात, का मयत?"

दादा म्हणाला, "हयात."

मुन्शीने तसं लिहिलं, शाई टिपली आणि उद्या सकाळी सातला यायला सांगितलं.